यित्तरहोल्मची मतपेटी

मंगळवारी दुपारी दोनच्या आत जी मतपेटी मेलांद बेटावरच्या पालिका कचेरीत पोचणार नाही, ती मोजली जाणार नाही, असं परिपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं. आस्लाउग वासनेसने ते परिपत्रक सकाळपासून तीनदा वाचलं, कुठे पळवाट सापडते का म्हणून. पेटीबरोबर मतदान मंडळाचे दोन सदस्य हवेत, हेही त्यातच होतं. मंडळात तिघं. त्यातला एक तापाने फणफणून पडलेला. उरले हिल्मार आणि ती.

आस्लाउग यित्तरहोल्म बेटावरच्या शाळेची बाई होती. एक खोली, एकोणीस मुलं. वय चौतीस. ती तेरा वर्षांची असताना तिचे वडील आणि थोरला भाऊ ‘घशा’त गेले. यित्तरहोल्म आणि मेलांद यांच्यामधल्या उघड्या पाण्याला सगळे घसाच म्हणत. तिथे तळाचा खडक एकाएकी वर येतो, आणि पश्चिमेकडून मोकळी धावत आलेली लाट त्याला अडखळून उभी राहते. त्या वर्षापासून आस्लाउग घसा ओलांडायची ती फक्त उन्हाळ्यात, टपालाच्या आगबोटीतून, खालच्या खोलीत डोळे मिटून. बेटावर सगळ्यांना हे माहीत होतं. कोणी त्यावरून तिला बोलत नसे.

आज आगबोट आलीच नव्हती. हवा बिघडणार म्हणून ती मुख्य भूमीच्या बंदरातच थांबली होती.

“संध्याकाळपर्यंत काही होत नाही,” हिल्मार धक्क्यावर उभा राहून म्हणाला. साठीचा, बुटका, खांद्याने रुंद माणूस. मतदान मंडळाचा प्रमुख तोच, आणि होडीही त्याचीच. “रेडिओने सांगितलंय. वादळ संध्याकाळी. आपण बारापर्यंत मेलांदला कॉफी पीत बसलेलो असू.”

“रेडिओवाला कुठे राहतो, हिल्मार?”

“ऑस्लोत राहत असेल.”

“मग त्याला काय जातंय सांगायला.”

हिल्मार हसला. “बाई, तुम्ही नाही आलात तर पेटी इथेच राहील. मग तुमचं फावेल, नाही का? होय म्हणणाऱ्यांची मतं गेली बाराच्या भावात.”

त्याने हे चिडवायला म्हटलं, पण तिला ते लागलं. या बेटांची, स्कोल्मवैरची पालिका सव्वाशे वर्षांची. हेरिंग मासा जाळी फाटेस्तोवर मिळत होता, त्या काळात ही बेटं मुख्य भूमीच्या पालिकेशी भांडून वेगळी झाली. पुढे हेरिंग गेला, त्याच्यामागे माणसं गेली, आणि आता, १९६२ साली, सरकार म्हणत होतं की परत एक व्हा. त्यावर लोकांचा कौल घ्यायचा होता. आस्लाउग विरोधात होती. पालिका मुख्य भूमीवर गेली की पहिली कुऱ्हाड तिच्या शाळेवर पडणार, हे उघड होतं. हिल्मारला एकीकरण हवं होतं. या पालिकेच्या तिजोरीत लाटा अडवणारा बांध घालण्याइतका जीव नाही, आणि बांधाशिवाय यित्तरहोल्मला बंदर नाही, असं त्याचं म्हणणं. दोन वर्षं दोघं सहकारी दुकानात, चर्चबाहेर, जिथे भेटतील तिथे यावर वाद घालत आली होती.

“माझी पेटी मी बुडवीन असं वाटतं तुम्हाला?” ती म्हणाली.

“मला काहीच वाटत नाही. होडी नऊला सुटेल.”

नऊला ती होडीत होती. तेलकापडाचा कोट, आत वडिलांच्या मापाचा जुना लोकरी स्वेटर, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट. पत्र्याची पेटी तिने मांडीशी घेतली होती. पेटीला कुलूप, कुलपावर लाखेचं सील. किल्ली मेलांदला अध्यक्षांच्या टेबलात.

बेटाच्या आडोशाला पाणी शांत होतं. इंजिन एका लयीत टक टक करत होतं. आस्लाउगची नजर होडीच्या तळाशी खिळलेली. जबडा इतका आवळला होता की कानशिलं ठणकू लागली. आपण मुलांना भूगोल शिकवतो तसं मनात म्हणून पाहावं, म्हणून तिने बेटांची नावं उत्तरेकडून दक्षिणेकडे घ्यायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला अडली. पुढचं आठवेना. रोज फळ्यावर लिहिणारी ती, आणि नाव आठवेना.

“वर बघा बाई,” हिल्मार सुकाणूपाशी बसून म्हणाला. “खाली बघितलं की जास्त मळमळतं.”

तिने वर पाहिलं. पश्चिमेला आभाळ आणि समुद्र यांच्यामधली रेघच नाहीशी झाली होती. तिथे नुसती शिशाच्या रंगाची भिंत होती.

“ते काय आहे?”

हिल्मारने इंजिनाला आणखी वेग दिला.

“लवकर आलंय,” तो म्हणाला.

“परत फिरू या.”

“आता फिरलो तर लाटेला आडवं व्हावं लागेल. अर्धं अंतर झालंय. पुढेच जायचं.”

वारा आला तो एकदमच, दार उघडून कोणी आत शिरावं तसा. पाच मिनिटांत पाण्याचा रंग बदलला. लाटा आधी लांब होत्या, मग तोकड्या आणि उभ्या झाल्या. होडीचं पुढचं टोक वर जायचं, क्षणभर आभाळाखेरीज काही दिसायचं नाही, मग होडी खाली आपटायची. घसा सुरू झाला होता.

तिसरी का चौथी मोठी लाट कडेवरून आत आली. आस्लाउगच्या तोंडात, नाकात, कॉलरमधून पाठीवर बर्फासारखं पाणी. डोळे उघडले तेव्हा ती गुडघाभर पाण्यात बसली होती. पाणी उपसायची बादली होडीमागे फेसात तरंगताना दिसली, मग दिसेनाशी झाली.

“हातपंप,” हिल्मार ओरडला.

तिने पंपाचा दांडा धरला, वीसेक वेळा हलवला. थोडं पाणी गेलं, मग दांडा घट्ट झाला. तळाशी साचलेले खवले नि दोऱ्याचे तुकडे आत अडकले होते. इंजिन खोकल्यासारखं करायला लागलं.

“नाही चालत. हिल्मार, चालत नाही.”

“इंजिनात पाणी गेलं की संपलं. मला सुकाणू सोडता येत नाही. ऐकतेस का? मला इथून हलता येत नाही.”

तो पहिल्यांदाच तिला एकेरी बोलत होता. त्याच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलं. हिल्मार घाबरला होता. चाळीस वर्षं या पाण्यावर काढलेला माणूस तोंडाने उघडउघड श्वास घेत होता. मांड्यांमधून काहीतरी ऊन वाहून गेलं, आणि ते काय हे तिला कळलं. गार पाण्यात त्याची ऊब तेवढी जाणवली.

“बूट,” ती म्हणाली. “बुटाने उपसते.”

“बुटाने काय होणार? पेटी घे.”

तिने पेटी छातीशी घट्ट धरली.

“आस्लाउग. पोरी. पेटी फोड.”

“सील आहे तिला.”

“आपण बुडालो तर सीलही बुडेल.”

पुढे आपण काय केलं हे तिला नंतर नीट सलग सांगता आलं नाही. मासे साफ करायचा सुरा बाकाखाली अडकवलेला होता. त्याचं पातं तिने कोयंड्यात घातलं आणि सगळा भार टाकला. पातं मोडलं. मग इंजिनाच्या मोठ्या पान्याने ती कुलपावर ठोकत सुटली. एक घाव तिच्या अंगठ्यावर बसला, तो तिला दुपारपर्यंत कळला नाही. झाकण उघडलं. आत घडी घातलेले कागद होते. ज्यांची मुलं ती रोज शिकवत होती, त्या माणसांनी रविवारी नि सोमवारी तिच्याच समोर टाकलेले. तिने मुठी भरभरून ते स्वेटरच्या आत, पोटाशी कोंबले, वरून कोटाचा पट्टा आवळला. एक लाट डोक्यावरून गेली. काही कागद गेले असतील तर त्याच वेळी.

मग ती उपसत राहिली. पेटी बुडवायची, उचलायची, वाऱ्याच्या अंगाला फेकायची. पत्र्याची धार तळहातात घुसत होती. भीती कमी झाली नव्हती; उलट दर वेळी पेटी उचलताना समोर पाणी उभं दिसायचं आणि वडिलांना शेवटी हेच दिसलं असेल, असं मनात यायचं. ती मोठ्याने काहीतरी बोलत होती. हिल्मारने पुढे सांगितलं की ती बेटांची नावं म्हणत होती, पण भलत्याच क्रमाने.

मेलांदच्या दीपस्तंभाच्या आडोशाला होडी शिरली तेव्हा वारा एकदम तुटला. इंजिन अजून चालत होतं. हिल्मारने खिशातून तपकिरीची डबी काढली. आत पाणीच पाणी होतं. त्याने ती तशीच परत खिशात ठेवली.

कचेरीत ती दोनला दहा मिनिटं कमी असताना पोचली. मतमोजणी मंडळ टेबलाभोवती बसलेलं. मधे पालिकाध्यक्ष कोनराड ब्रेकस्ताद, पातळ केसांचा, नेहमी स्वच्छ कॉलरचा माणूस. पालिका गेली की त्याची खुर्चीही जाणार होती. बाकीच्या पेट्या मोजून झाल्या होत्या: विरोधात चारशे बारा, बाजूने चारशे एक. शिल्लक फक्त यित्तरहोल्म.

आस्लाउगने फुटकी पेटी टेबलावर ठेवली. मग सगळ्यांसमोर कोटाचा पट्टा सोडला आणि पोटाशी हात घालून ओला लगदा बाहेर काढला. पालिकेची चिटणीस बोर्गहिल्द उठली, कागद तिच्या हातातून घेतले आणि म्हणाली, “अगं, आधी शेकोटीशी बस. ओठ निळे पडलेत तुझे.”

बोर्गहिल्दने कागद एकेक सोडवून शेकोटीच्या कडेला पसरले. सोडवताना घड्या उघडल्याच. ‘होय’, ‘नाही’, ‘होय’, ‘होय’. आस्लाउग ते बघत होती. यित्तरहोल्म आपल्या बाजूने आहे, असं ती दोन वर्षं धरून चालली होती. ‘होय’ची रांग लांबत गेली तशी तिला कापरं भरलं. ते थंडीचं असेल, असं इतरांना वाटलं.

कोनराडही बघत होता. मग त्याने परिपत्रक पुढे ओढलं.

“सील तुटलेलं असेल तर पेटी बाद धरावी, असं इथे आहे. मी काही कोणावर आरोप करत नाही. पण नियम आहे.”

“माणसं मरत होती तिथे,” हिल्मार म्हणाला.

“त्याचं मला वाईट वाटतंच. पण उद्या कोणीही म्हणेल की वाटेत कागद बदलले. तुम्ही एकीकरणाच्या बाजूचे, हिल्मार. सगळ्या बेटांना माहीत आहे.”

हिल्मारचा चेहरा लाल झाला.

आस्लाउगला वाटलं, आपण गप्प बसलो तर झालं. एक शब्दही खोटा बोलावा लागणार नाही. शाळा राहील, एकोणीस मुलं राहतील. तिच्या काळजाची धडधड पाण्यात होती त्याहून मोठी झाली. सगळे तिच्याकडे पाहत होते, कारण बोलण्याची पाळी तिची होती.

“सील मी तोडलं,” ती म्हणाली. आवाज घोगरा निघाला. “यांनी पेटीला हातही लावलेला नाही. यांचे हात सुकाणूवर होते. कागद माझ्या अंगावरून हलले नाहीत. यादीत त्र्याहत्तर जणांची नोंद आहे. इथे कमी भरले तर ते समुद्रात गेले, तेही मीच सांगते. आणि मी स्वतः ‘नाही’वर मत दिलंय. तेही सगळ्या बेटांना माहीत आहे.”

“बाई, तुम्हाला कळतंय ना, हे मोजले तर काय होईल?” कोनराडने हळू विचारलं.

“शेकोटीवर दिसतंय मला.”

मंडळाने हात वर करून ठरवलं. तीन विरुद्ध दोन: मोजायचे. कागद एकाहत्तर भरले. पंचेचाळीस ‘होय’, सव्वीस ‘नाही’. एकूण आठ मतांनी एकीकरण मंजूर. हरवलेले दोन कागद कुठल्याही बाजूचे असते तरी फरक पडला नसता. कोनराडने इतिवृत्तावर सही केली, टोपी घातली आणि कोणाशी न बोलता घरी गेला.

आस्लाउग बोर्गहिल्दकडे राहिली. अंगठ्याचं हाड मोडलं होतं. जेवताना उकडलेला कॉड मासा आणि बटाटे तिच्यापुढे आले, पण मोडक्या अंगठ्याने काटा धरता येईना, तेव्हा बोर्गहिल्दने चमचा दिला. हिल्मार दाराशी येऊन उभा राहिला.

“तुमची शाळा…” त्याने सुरुवात केली.

“नको,” ती म्हणाली. “आज नको, हिल्मार.”

“बरं,” तो म्हणाला. जाता जाता वळला. “मी फार घाबरलो होतो. घरी सांगू नका.”

“मी तर त्याहून पुढे गेले. तेही सांगू नका.”

तो खुदकन हसला, आणि मग तीही.

शाळा पुढे सात वर्षं चालली. बांध झाला तो त्याच्याही नंतर. पण हे सगळं पुढचं. गुरुवारी वारा पडला. आगबोट शनिवारी येणार होती, आणि यित्तरहोल्मला एकोणीस मुलं तीन दिवस बाईंवाचून होती. सकाळी साडेनऊला आस्लाउग धक्क्यावर आली. समुद्र अजून जड होता, लाटा लांब आणि संथ. हिल्मारने पंप साफ केला होता, दोन नव्या बादल्या दोरीने बांधून ठेवल्या होत्या. त्याने त्या तिला बोटाने दाखवल्या.

तिचे पाय पायरीवरून हलेनात. हिल्मारने घाई केली नाही. इंजिनाजवळ काहीतरी पुसत बसला. बऱ्याच वेळाने तिने बँडेज बांधलेला हात पुढे केला, तो त्याने मनगटाशी धरला, आणि ती होडीत उतरली. बसल्याबरोबर तिने कड गच्च धरली. भीती मंगळवारी होती तेवढीच होती.

“निघू?” हिल्मारने विचारलं.

“निघा,” ती म्हणाली. “पण बोलत राहा काहीतरी. बांधाबद्दल बोललात तरी चालेल.”