तिसरी वाट

लुदिविनाने सुईचं टोक गाठीत घातलं आणि दोरा उचकटला. वडिलांनी हस्तलिखित गळाच्या दोऱ्याने शिवलं होतं, दर दहा पानांना एक गाठ. शेवटच्या प्रकरणाची बावीस पानं सुटून तिच्या मांडीवर आली. उरलेला गठ्ठा तिने पुन्हा आवळला आणि टेबलापलीकडे सरकवला.

दोमिनादोरने तो दोन्ही हातांनी उचलून घेतला. तो तिचा आतेभाऊ, दापगानचा नगरसेवक. आज सण म्हणून कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता.

"माना, मनाला लावून घेऊ नकोस," तो म्हणाला. ती थोरली, म्हणून लहानपणापासून तो तिला माना म्हणे. "गावाच्या शंभरीचं पुस्तक आहे. मामाचा इतिहास, मामाचा भूगोल, सगळं छापतोय. तेवढं शेवटचं सोडून."

"ते का नको?"

"नवी शाळा कुठे बांधलीय आपण? वादळात अख्खं गाव जिथे आसऱ्याला जायचं, तीच ती इमारत. आणि मामा लिहितो, पाणी आधी तिथूनच शिरणार. पोरांच्या आयांनी वाचलं तर?"

"वाचू देत."

"मग पाठवतील पोरांना?" तो हसला. "मामाने मला भूगोलात दोनदा नापास केलं. तेवढ्याने भागलं नाही, आता मेल्यावर तिसऱ्यांदा करतोय."

तीही हसली. मग त्याने कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं करून कप खाली ठेवला.

"साखरेऐवजी मीठ घातलंस की काय?"

"विहिरीचं पाणी आहे."

मिरवणूक परतली की धक्क्यावर पाद्री पुस्तकाला आशीर्वाद देणार होते. तेव्हा वेळेवर ये, एवढं सांगून गठ्ठा काखेत घालून तो गेला. लुदिविनाने कप उचलला आणि उरलेली कॉफी स्वतः पिऊन टाकली. अजून चार दिवसांनी वडिलांचा चाळीसावा. तोवर माणूस घराच्या आसपास असतो म्हणतात, म्हणून त्यांची खुर्ची तिने हलवली नव्हती.

ते धक्क्याच्या पायरीवर बसल्या बसल्या गेले होते. पाय पाण्यात, हातात खोली मोजायची दोरी, टोकाला शिशाचं वजन, हाताहातावर गाठी. त्याच्या आदल्या रविवारी तिने मनिलाहून फोन केला होता. ते बुडत चाललेल्या पायऱ्यांबद्दल बोलायला लागले तशी ती म्हणाली होती, "ताताय, आता पुरे ना. लोकांना घाबरवून तुम्हाला काय मिळणार?" ते म्हणाले होते, "घाबरवत नाही गं. वाट कुठून जाते, ते लिहून ठेवतोय." तिच्यासमोर दुसऱ्या कुणाच्या तरी पुस्तकाची मुद्रितं तपासायला पडली होती. तिने फोन ठेवला होता.

बावीस पानं आणि वडिलांची दोरी तिने पिशवीत घातली आणि ती धक्क्यावर गेली.

संत राफाएलाची मूर्ती पहिल्या नावेत चढली होती, एका हातात मासा, गळ्यात मोगऱ्याचे हार. सुकाणूवर मानो तिबुर्सिओ होते. गावातले सगळे त्यांना मानो म्हणत, थोरला भाऊ. वयाने ते कित्येकांच्या आजोबांएवढे असले तरी. वडिलांना समुद्रावर नेणारे तेच.

"ये, मास्तरांची जागा रिकामी आहे," ते म्हणाले. "पण नावेच्या बाजूला बांधलेल्या उलांडीच्या बांबूवर पाय देऊ नकोस. शहरातल्या बायका हमखास देतात."

"मी इथेच जन्मले, मानो."

"मग तर आधीच कळायला हवं होतं."

ताशे वाजले, फटाके उडाले. पाठीमागे चाळीसेक नावा लागल्या. आखाताच्या मधोमध, जिथे ना खडक ना भोवरा, तिथे मानोंनी नाव काटकोनात डावीकडे घेतली. थोडं सरळ, मग काटकोनात उजवीकडे. मागच्या नावाही तशाच वळल्या. पुढे एक लांबट फेरा, आणि परत.

लहानपणी तिला वाटे, संताला हे आवडतं. गावालाही त्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. बापाने वळवली तिथे मुलाने वळवायची. वडिलांनी मात्र त्या वाटेवर दोरी सोडून पाहिली. वाटेखाली तळ कठीण, फरसबंदीचा. वाटेच्या दोन्ही अंगांना चिखल. मग चर्चच्या जुन्या कागदांत त्यांना पहिल्या दापगानचा नकाशा मिळाला, आणि त्यात तीच दोन वळणं. लाटेने गाव नेलं. वाचलेल्यांनी पुढच्या सणाला संताला त्याच रस्त्याने फिरवलं, फक्त नावेत बसवून. लांबट फेरा दुसऱ्या दापगानचा. ते आजोबांच्या लहानपणी गेलं. हे तिसरं. पिशवीतल्या पानांवर त्याच्या रस्त्यांचा नकाशा होता, आणि प्रत्येक दारासमोर बारीक अक्षरात येणाऱ्या पाण्याची खोली. त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरासमोर लिहिलं होतं : अडीच वाव, म्हणजे पंधरा फूट.

"मास्तरांनी तुला दाखवलं होतं ना सगळं?" मानोंनी विचारलं.

"मी बघितलं नाही."

मानोंनी मान हलवली. "मीही म्हणायचो त्यांना, म्हातारे झालात."

परत फिरले तेव्हा भरती पुरी चढली होती. धक्क्याला नऊ पायऱ्या. तिच्या लहानपणी सणाच्या भरतीला पाच कोरड्या राहत. गेल्या वर्षी एक राहिली होती, असं वडिलांनी कळवलं होतं. आज तिने नजरेने शोधल्या. पायऱ्या नव्हत्याच. धक्क्याचे दोन दिव्याचे खांब तेवढे पाण्यातून वर आले होते, दारासारखे.

मानोंनी इंजिन बंद केलं. कुणाला काहीच न विचारता त्यांनी लांब बांबू उचलला, तळाला टेकवला, आणि नाव दोन खांबांमधून सरळ गावात घातली.

एक क्षण ताशे थांबले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा रस्ता टाळ्या वाजवू लागला.

"आज संताला खांद्यावर घ्यायची गरजच नाही!" एक बाई खिडकीतून ओरडली. "स्वतःच आला घरी!"

पोरं नावेभोवती पाणी उडवत होती. भाताच्या गोड वड्यांची टोपली तरंगत चालली होती आणि तिची मालकीण हसत हसत तिच्या मागे धावत होती. लुदिविनाने पिशवीतून वडिलांची दोरी काढली आणि काठावरून सोडली. पहिली गाठ भिजली. बेकरीसमोर दोन. शिशाच्या खाली फरसबंदी लागत होती, कठीण.

नगरपालिकेसमोर दोमिनादोर मांड्यांपर्यंत पाण्यात उभा होता. इस्त्रीच्या शर्टाला ओल चढत होती. हस्तलिखित त्याने दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं होतं. शेजारच्या बाकावर चढून उभ्या राहिलेल्या पाद्रींकडे तो पाहतच नव्हता. त्याची नजर तिच्या हातातल्या दोरीवर होती.

नाव जवळ आली तशी लुदिविना वाकली.

"दे इकडे."

"भिजेल, माना."

"म्हणूनच."

त्याने गठ्ठा दिला. हात रिकामे झाले तरी काही वेळ ते वरच राहिले. तिने गठ्ठा मांडीवर घेतला, पिशवीतली बावीस पानं त्याच्याखाली लावली आणि सुई शोधायला पिशवीत हात घातला. मग लक्षात आलं, ती घरी टेबलावर राहिली. तिने पानं हातानेच घट्ट धरली.

चर्च समोर होतं, शंभर पावलांवर. घंटा वाजत होती. मानोंनी बांबू पाण्यातून वर काढला आणि तसाच धरून ठेवला.

"मास्तरांच्या कागदावर पुढचं वळण कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

तिला पान उघडावं लागलं नाही.

"शाळेपाशी. उजवीकडे."

मानोंचा बांबू अजून हवेतच होता, आणि नावेचं तोंड आधीच तिकडे वळू लागलं होतं.