शनिवारचा रेडिओ

अबीगेलबाईंच्या शनिवारला पनवेलची इस्रायल आळी वचकून असे. यहुदी धर्माप्रमाणे शनिवार विसाव्याचा, म्हणून शुक्रवारी सूर्य कलला की त्या दिवा लावायच्या, चूल विझवायच्या. मग शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत काडी ओढणं नाही की विजेच्या बटणाला बोट लावणं नाही. नवरा सामाजी वारला, पण त्याचा नेम राहिला. त्याचं आणखी एक म्हणणं होतं: आपण करायचं नाही ते शेजाऱ्याला सांगून करवून घ्यायचं, ही देवाच्या डोळ्यांत धूळफेक झाली. बाईंनी तेही उभ्या जन्मात मोडलं नव्हतं.

आणि पंचाईत बघा कशी! त्यांची मिल्का ज्या तारखेला गेली, ती तारीख सत्तावन्न साली नेमकी शनिवारी आली.

मिल्का त्यांची एकुलती एक. मुंबईला जाऊन पोरीनं रेकॉर्डी दिल्या. कंपनीनं नाव ठेवलं कुमारी मंजरी. हॉटेलाहॉटेलांत तिची गाणी वाजायला लागली न लागली, तोच विषमज्वरानं तिला नेलं. घरात दोन तबकड्या होत्या. दीर एझरा इस्रायलला निघाला तेव्हा बाईंनी त्या आपल्या हातानं त्याला देऊन टाकल्या, कारण तेव्हा ऐकवत नव्हतं. आता ऐकावंसं वाटत होतं, तर आवाज गेला समुद्रापार. चेहऱ्याचं ठीक, फोटो होता. आवाज मात्र निसटत चालला होता. बाई आठवायला बसल्या की मिल्काचं गाणं त्यांना स्वतःच्याच घोगऱ्या आवाजात ऐकू यायचं, आणि मग जीव नुसता कासावीस व्हायचा.

शुक्रवारी दुपारी तुळशीराम शिंपी पेपर नाचवत आला. "बाई, उद्या सकाळी नऊला मुंबई केंद्रावर मंजरीची पुण्यतिथी करणार आहेत. गाणं लावणार तिचं!"

बाईंच्या हातातलं पीठ हातातच राहिलं. आळीत रेडिओ एकच, समोरच्या कमळाबाईचा. तिच्या नवऱ्याची, काशिरामची, गव्हाणला मिठागरं. एका वर्षी मीठ चांगलं विकलं गेलं आणि रेडिओ घरात आला. तेव्हापासून तो सकाळ-संध्याकाळ आळीच्या कानाशी कोकलत असे, शनिवारीसुद्धा. म्हणजे काळजीच नको! दुसऱ्यानं आपणहून लावलेलं कानावर पडलं तर त्यात पाप कसलं? फक्त 'लाव' म्हणायचं नाही.

पण आईचा जीव, गप्प कसा बसेल? दिवेलागणीच्या आधी त्या उंबऱ्याशी येऊन म्हणाल्या, "कमळे, उद्या माझ्या मिल्कीचा दिवस आहे हो. सकाळी नऊला मी इथंच दारात बसेन."

कमळाबाईनं मान हलवली. "आमाला ठावं हाय, आय. तुमी काय बी काळजी करू नका."

शहाणी आहे पोर, इशाऱ्यात समजली, असं म्हणत बाई आत गेल्या.

सकाळी त्या धुवट लुगडं नेसून दारात बसल्या. नऊला पाच कमी, तरी समोर सामसूम. दादूची पिठाची गिरणी बंद. रोज कचाकचा भांडणाऱ्या नळावरच्या बायकासुद्धा कुजबुजत होत्या. आळीला झालंय काय? तुळशीरामाच्या दुकानातल्या घड्याळानं नऊचे ठोके दिले. रेडिओ मुका तो मुकाच. बाईंना धीर धरवेना. तशाच अनवाणी त्या समोर गेल्या.

कमळाबाई मोठ्या समाधानानं पुढं आली. "बगा आय, कुनाला हूं करू दिलं नाय. दादूला बी सांगतलं, आज गिरनी नाय. तुमचा शनवार, त्यात पोरीचा दिस. रेडिओ तर कालपासनं झाकून ठेवलाय."

खरंच, रेडिओवर धुतलेला टॉवेल घातला होता. आता हिच्यावर रागवायचं तरी कसं? बाईंच्या तोंडाशी 'लाव' आलं. त्यांनी ते गिळलं. टॉवेल काढला आणि बटण आपल्या हातानं फिरवलं.

"आय, आवं शनवार हाय!"

"पाप माझं. तू हात लावू नकोस."

मेला रेडिओ तापायलाच किती वेळ घेतो! आधी दिवा, मग घुमणं, मग खरखर. बाई सामाजीच्या देवाला काकुळतीनं विनवत होत्या, थोडं तरी उरू दे. आणि एकदम गाणं आलं, शेवटच्या कडव्याच्या मध्यातून. मिल्काच! वरच्या सुरावर जाण्याआधी तिनं घाईनं एक श्वास घेतला, अगदी जवळ, कानाशी घेतल्यासारखा. मग दोन ओळी, आणि संपलं. निवेदकानं नाव सांगितलं, कुमारी मंजरी, आणि बाजारभाव सुरू झाले.

"कमळे," बाई म्हणाल्या, "श्वास घेतला गं तिनं. ऐकलास ना?" त्यांचे डोळे वाहत होते.

कमळाबाईला आता कुठं उमगलं. तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आय, त्वांडानं बोलला का नाय वो? रातभर लावून ठेवला असता!"

रेडिओपुढं बाईंनी बसकण मारली. कांद्याचे भाव झाले, गुळाचे झाले, बातम्या लागल्या.

"बंद करू का, आय?" कमळाबाईनं हळूच विचारलं.

"नको गं," बाई म्हणाल्या. "चुकून पुन्हा लावतील."