भेगेवरची काच

वर्गातल्या मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटं रुंद. खाम नदीकाठच्या या दगडी शाळेत, फळ्याच्या वर, भिंतीतल्या भेगेवर मी आडवी बसले आहे. निजामाचं राज्य गेलं, दारावरची पाटी बदलली, भिंत मात्र तीच राहिली.

करीम मिस्त्रींनी मला फुटक्या तावदानातून कापलं आणि दोन्ही टोकांना सिमेंट लावलं.

"काच ताणत नाय, गुरुजी. भिंत सरकली की फुटती," ते नानासाहेबांना म्हणाले. "फुटली की आधी लेकरं बाहेर काढा. मागच्या वेळेसारखं करू नका."

माझ्याआधीची काच दिवाळीच्या सुट्टीत फुटली होती. शाळेनं तिच्या जागी मला लावून घेतलं. भिंतीचं काम राहून गेलं.

न हलणं हेच माझं काम. खाली नानासाहेब संस्कृत आणि पाली शिकवत. दुधाचं दही होतं, तो 'परिणाम'. चांगलं पालटून बिघडतं, तो 'विपरिणाम'. जे आहे तसं कधीच राहत नाही, ते 'अनिच्च'.

"गुरुजी, गृहपाठ बी अनिच्च हाय का?" रामकिसन विचारी, आणि सगळा वर्ग हसे. तुमच्या हसण्यात माझ्यामागच्या दगडांची कुरकुर कुणाला ऐकू येत नसे.

आज पहिल्याच तासाला मला तडा गेला. नानासाहेबांनी वर पाहिलं. "अनिच्च!" ते हसून म्हणाले. "नवी लावून घेऊ. लिहा पुढं."

पहिल्या बाकावरच्या अजरानं लिहिलं नाही. "गुरुजी, काच नवी येईल. भिंतीचं काय?"

नानासाहेबांचा खडू थांबला. त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि आतले दगड सरकताना जाणवताच झटकन काढून घेतला.

"उठा! दप्तरं राहू द्या. आधी बाहेर!"

आता वर्ग रिकामा आहे. तुम्ही चिंचेखाली उभे आहात आणि खिडकीतून त्यांचा आवाज येतो आहे. "अनिच्चच्या जोडीला अजून एक शब्द आहे, अप्पमाद. गाफील न राहणं. वह्या आत राहिल्यात, तेव्हा ध्यानातच ठेवा."

मित्रांनो, माझ्या जागी आणखी एक काच लावू देऊ नका. मिस्त्रींना भिंतीसाठी बोलवा. माझा एक तुकडा दुसऱ्याच्या खाली सरकला आहे. अजराच्या उघड्या वहीवर चुना पडतो आहे, मघापेक्षा जास्त. दप्तरं इथंच राहू द्या. ती घ्यायला कुणीही आत येऊ नका.