‘नजर’चं दीड वर्ष

सादियाचा नवरा फैजल दोहाला एसी दुरुस्त करायचा आणि दर शुक्रवारी फोनवर एकच विचारायचा, “कागद तयार हायत. कधी येतेस?”

“गणपती होऊन जाऊ दे,” सादिया म्हणायची.

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या बायका हसायच्या. मन्सूरभाईंच्या सुनेला गणपतीचं एवढं काय? पण होतं. सादियाची ‘नजर’ नावाची कपड्यांची कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन शिलाई मशिनी, एक मोबाइल आणि पेणच्या मालूताईंचा उजवा हात. टीशर्ट सादिया शिवायची. एकदम ढगळ, खांदा कोपराशी उतरलेला, घातला की थोरल्या भावाचा ढापून आणल्यासारखा वाटेल असा. शहरातली पोरं त्याचेच पैसे देतात म्हणे. पाठीवर डोळे काढायच्या मालूताई. रामवाडीच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्या मूर्तींचे डोळे आखत होत्या, त्यामुळे गणपती गावोगाव गेल्याशिवाय त्यांचा हात मोकळा होत नसे.

दोहाला जायचंच नाही, हे सादियानं फैजलला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या वतीनं कंपनी बोलत होती.

“देवाचे डोळे अंगावर नाय काढायचे,” मालूताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “माणसांचे काढीन.”

मग त्यांनी माणसांचे काढले. सुट्टे मागणाऱ्या कंडक्टरचे. वजन करताना पलीकडं बघणाऱ्या विमलबाई कोळणीचे. स्वतःच्या सासूचेही काढले, पण फक्त एक्स्ट्रा लार्जवर. लहान मापात सासू मावत नाय, म्हणाल्या.

पहिले साठ शर्ट मालूताईंच्या भाच्यानं, अक्षयनं, मोबाइलवरून विकले. आठवड्यात ओरड सुरू झाली. शर्ट धुतला की डोळे गायब!

सादिया धावत पेणला आली. “ताई, रंग कुठला वापरलात?”

“कारखान्यातला. दुसरा कुठला?”

“तो पाण्यात जातो!”

“गो, आमचा रंग पाण्यात जायासाठीच असतो. टिकला तर लोक शिव्या घालतात.”

सादिया बसली, उठली, पडवीत चार फेऱ्या मारल्या, पुन्हा बसली. सगळ्यांचे पैसे परत करायचं ठरवून ती एसटीत चढते न चढते, तोच अक्षयचा फोन आला. पुण्याच्या एका मुलीनं बादलीतल्या शर्टाचा व्हिडिओ टाकला होता. पाण्यात ते डोळे हळूहळू मिटत होते, दमलेलं माणूस झोपावं तसे. दोन दिवसांत सातशे मागण्या आल्या.

त्या हिवाळ्यात ‘नजर’ सुसाट सुटली. पोरं महिना महिना शर्ट धुवत नव्हती, आया नाकं मुरडत होत्या, आणि डोळे मिटले की पोरं पुन्हा नवा शर्ट मागवत होती. सादियाच्या पायाला भिंगरीच लागली. सकाळी रोहा, दुपारी पेण, संध्याकाळी पार्सलं. फैजल म्हणायचा, “तू चालताना बोलतेस का बोलताना चालतेस?”

पुढच्या आषाढात मुंबईच्या एका मोठ्या दुकानानं दोन हजार शर्ट मागितले. कारखान्यात तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती आणि मालूताईंना मान वर करायला फुरसत नव्हती.

“गणपतीनंतर घे,” त्या म्हणाल्या.

पण सादियाला थांबणं जमत असतं तर काय हवं होतं! तिनं होकार भरला. अक्षयनं मालूताईंचे डोळे मशिनीवर छापून घेतले, पक्क्या रंगात. हुबेहूब आले.

लोकांनी शर्ट नेले, भिजवले आणि वाट बघत बसले. डोळे टक्क उघडे. तीनदा धुतले, गरम पाण्यात उकळले, तरी विमलबाई बघतच होत्या. ‘फसवणूक,’ लोकांनी लिहिलं. दुकानानं गठ्ठे परत पाठवले. सादियानं पुन्हा हातानं काढलेले शर्ट आणले, पण तोवर पोरांना फाटक्या बाह्यांचं वेड लागलं होतं. अक्षयनं धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट धरली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सादिया मालूताईंच्या पडवीत परत आलेले शर्ट बांधत होती. फोन वाजला.

“गणपती होऊन चार महिने झाले,” फैजल म्हणाला. “अक्षय पण नोकरीला लागला म्हणतात. आता काय अडलंय?”

सादियाच्या जिभेवर मार्चची एक ऑर्डर आलीच होती. नसलेली. तिनं ती गिळली.

“कायच नाय अडलं.”

“मग तिकीट काढू?”

“नको. कंपनी नसती तरी मी आले नसते, फैजल. तिथं दोहाला अकराव्या मजल्यावर दिवसभर दार लावून बसणं मला जमायचं नाय.”

मालूताईंनी सुतळी हातातच धरून ठेवली.

“म्हंजे दीड वर्ष मला गणपतीचं सांगत होतीस?”

“व्हय.”

“मला वाटलं, कंपनी बुडाली तर तू येशील. दुवा मागायचो बुडायची. मग लाज वाटायची.”

सादियानं बांधलेल्या गठ्ठ्याची गाठ सोडली आणि पुन्हा मारली.

“जूनमध्ये सुट्टी हाय,” तो म्हणाला. “येतो. तवा समोर बसून सांग.” आणि फोन बंद झाला.

“चिडला?” मालूताईंनी विचारलं.

“ठावं नाय.”

“बस जरा. चहा टाकते.”

सादिया उभीच राहिली. जूनला पाच महिने होते, आणि तोवर पुढे करायला कुठलाच गणपती नव्हता.