जागेवरचा रुमाल

जाफराबादच्या स्टँडवर टेंभुर्णीची बस लागली, तशी मी खिडकीतून माझी पिशवी सीटवर टाकली. सगळेच टाकतात. पिशवी टाकली की जागा आपली, मंग दारातल्या रेटारेटीत कितीबी वेळ लागो. पिशवीत लेकीच्या डोहाळजेवणासाठी घेतलेली हिरवी साडी होती.

आत चढून बघते तर पिशवी न्हाई. तिच्या जागी एक मळका रुमाल पसरलेला. सीट मात्र रिकामीच होती.

"माझी पिशवी कोणी उचलली?" मी इचारलं. मी रुमाल बाजूला सारून बसले, तर मागच्या सीटवरचे पागोटेवाले बाबा खवळले.

"ओ बाई, उठा! रुमाल टाकून माणूस आत्ताच खाली गेला. पाणी पिऊन येतो म्हणला."

"हातात काय होतं त्याच्या?"

"पिशवी होती. निळी."

"माझीच ती," मी म्हणले.

पुढची बाई वळून म्हणाली, "आसंल मावशी, पण रुमाल तर त्याचा हाय ना? जागा त्याचीच."

चार जणांनी माना डोलावल्या. माझं डोकंच फिरलं. पिशवी गेली तेव्हा एकाचंबी लक्ष नव्हतं, अन् चोराची जागा राखायला अख्खी बस तयार!

मी रुमालाची नीट घडी घातली अन् मांडीवर ठेवली.

"येऊ द्या की त्याला," मी म्हणले. "मीबी त्याचीच वाट बघून राह्यले."