फळ्यावरचा सतरावा मासा

भाचीने काळ्या रंगात बुडवलेला ब्रश सतराव्या माशाच्या शेपटीपाशी नेला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावून तर बघ!"

मास्क धुण्याच्या टबापाशी बसलेली मावशी ओल्या हातांनी तशीच उठली होती. धक्क्यावरच्या त्या शेडमध्ये तिचंच राज्य होतं. पाहुण्यांना बोटीतून बाहेरच्या बेटांपाशी न्यायचं, पाण्यात उतरवून प्रवाळ आणि मासे दाखवायचे, हे काम आता भाचीचं. त्याआधी तीस वर्षं ते मावशीच्या नवऱ्याने केलं. परत आलेल्यांचे मास्क धुणं, पायातले रबरी फिन वाळत घालणं, आणि वाळूच्या पायांनी कुणी शेडमध्ये शिरलाच तर हातात असेल ते उगारून त्याच्यावर धावून जाणं, ही कामं मावशीची. दारातल्या बादलीत पाय बुडवल्याशिवाय आत यायची कुणाची टाप नव्हती. मावशी उंचीने जेमतेम खिडकीला लागायची, पण मागच्याच आठवड्यात तिने एका धिप्पाड पाहुण्याला पार पाण्यापर्यंत पिटाळलं होतं.

आणि फळाही तिचाच. अकरा वर्षांपूर्वी तिने स्वतः रंगवलेला. सतरा मासे, नवऱ्याने वर्णन केले तसे. पाण्यातून आलेल्याने आपल्याला दिसलेल्या माशापुढे खडूने रेघ मारायची, अशी तिथली पद्धत. सोळा माशांपुढे रोज रेघांची दाटी व्हायची. सतराव्यापुढे अकरा वर्षांत एकही रेघ नव्हती.

"लोक माझ्यावर चिडतात गं मावशी," भाची म्हणाली. "काल त्या बाई दोन तास शोधत होत्या. म्हणाल्या, फळ्यावर सगळ्यात मोठा जो आहे तोच दाखवत नाही म्हणजे काय? अगं, पाच वर्षं मी रोज पाण्यात आहे. वल्ह्याएवढा निळा मासा, पिवळी शेपटी, कपाळावर आठ्या... नाहीये असला मासा. काकांनी थाप मारली तुला."

काका धक्क्यावर खुर्ची टाकून दोराला गाठी मारत बसले होते. कान बिघडल्यापासून डॉक्टरांनी त्यांचं बुडी मारणं बंद केलं होतं.

"अहो, ऐकलंत का? थापाडे म्हणतेय तुम्हाला."

"म्हणू दे की," गाठीवरची नजर न काढता ते म्हणाले. "मासा आहे. दुसऱ्या बेटाच्या आतल्या अंगाला, टेबलासारखं सपाट प्रवाळ आहे ना, तिथे. त्याच्या अंगणात पाय टाकला की धावून येतो. मी दोनदा पळून आलोय."

"आणि आहे केवढा? सांगा हिला."

त्यांनी दोर मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात पसरले. फळा रंगवताना पसरले होते, तेवढेच.

मावशीने एकदा फळ्याकडे, एकदा भाचीकडे पाहिलं. भाची खोटं बोलणारी पोर नव्हे. आणि नवऱ्याची हीच गोष्ट तिने इतक्या हौसेने, चारचौघांनी बघावी म्हणून सगळ्यात मोठी रंगवली होती. तीच थाप निघाली तर गेली अकरा वर्षं लोक माशाला नाही, तिला हसत होते.

"उद्या मी येते बोटीत," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघते. नसला तर मीच पुसेन."

"तू? पाण्यात? तुला टबापलीकडचं पाणी ठाऊक नाही!"

"मग आता होईल."

सकाळी नवऱ्याचा जुना सदरा, त्यावर लाइफ जॅकेट आणि कपाळावर मास्क अशा थाटात मावशी बोटीत बसली. शिडीवरून उतरताना तिने भाचीचं मनगट असं धरलं की त्यावर वळ उठले. पण एकदा तोंड पाण्यात घातलं मात्र, आणि बाई सगळं विसरली. खाली तिचा फळाच पसरला होता! हा पहिला, हा चौथा, हा नववा... अगंबाई, नवव्याचे पट्टे आडवे नव्हे, उभे! तोंडातल्या श्वासाच्या नळीतून ती एकेकाचा आकडा ओरडत होती आणि वर नुसतंच "बूऽऽ बूऽऽ" ऐकू येत होतं. बोटीतले पाहुणे टाळ्या वाजवत होते. इतकी वर्षं हे सगळं इथेच होतं आणि आपण मास्क धुवत बसलो, असं तिला वाटलं, आणि हसूही आलं.

मग भाचीने तिला सपाट प्रवाळावर आणलं. मावशीने चारही दिशांना पाहिलं. वल्ह्याएवढं तिथे काहीच नव्हतं. तिचा चेहरा पडला, आणि तेवढ्यात मास्कच्या काचेवर काहीतरी टक्कन आपटलं.

अंगठ्याएवढा मासा. निळा, पिवळ्या शेपटीचा, कपाळावर रीतसर आठ्या. मास्कवर पुन्हा एक धडक देऊन तो मागे फिरला. प्रवाळाच्या एका कोपऱ्यात हिरव्या शेवाळाचा हातरुमालाएवढा तुकडा होता, नीट राखलेला. त्यात पडलेला शिंपल्याचा कपचा त्याने तोंडात धरला, हद्दीबाहेर नेऊन टाकला आणि परत मावशीवर चाल केली. मावशी हातपाय झाडत मागे सरली.

आणि तिला तो दिवस आठवला. लग्नाला महिना झाला होता. वाळूच्या पायांनी घरात शिरला म्हणून तिने नवऱ्याला झाडू घेऊन अंगणाबाहेर हाकललं होतं. तिथे उभं राहूनच त्याने या माशाची गोष्ट पहिल्यांदा सांगितली होती. तिला इतकं हसू फुटलं की नळीत पाणी शिरलं. भाचीने तिला ओढून वर काढलं, तेव्हा खोकता खोकता ती एवढंच म्हणाली, "आहे गं, आहे!"

शेडमध्ये परतल्यावर मावशीने सतराव्या माशापुढे पहिली रेघ मारली, चांगली लांबलचक.

"आता लहान करून रंगवूया?" भाचीने ब्रश पुढे केला.

मावशीने ब्रश घेतला, पण माशाला हात लावला नाही. खाली पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरात लिहिलं : 'दिसायला अंगठ्याएवढा. धावून आल्यावर एवढा.'

मग ती नवऱ्याच्या खुर्चीपाशी जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अहो, खरं सांगा. इतकी वर्षं कुणाची गोष्ट सांगत होतात?"

"माशाची," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाची?"

ते उठले. सकाळपासून त्यांचे पाय खुर्चीसमोरच्या कोरड्या फळीवरच होते, वाळूचा एक कणही लागलेला नव्हता. तरी शेडच्या दारात पोचल्यावर त्यांनी आधी उजवा आणि मग डावा पाय बादलीत बुडवला, नीट चोळला, आणि मगच ते आत आले.