उजवीकडं पळणारे बाण

"डोळं फुटलं का काय तुझं, दादा?" शेरमातनं बाणांची जुडी थोरल्या भावाच्या पायाशी आपटली. "चारी बाण उजव्या अंगाला पळालं. रानबोकड उभ्या उभ्या माझ्याकडं बघत हुता. हसला आसंल मेला!"

दादानं एक बाण उचलला. डोळ्यांवर त्याच्या दोन वर्षांपासून साय धरलेली, पण बोटं शाबूत होती. बाणाची काठी त्यानं मांडीवर फिरवून पाहिली, सरळ होती. पिसांची कड चाचपली. तिन्ही पिसं गरुडाच्या डाव्याच पंखातली होती. एकात दुसऱ्या पंखाचं पीस मिसळलं की बाण गटांगळ्या खातो, ती चूक दादा झोपेतही करायचा नाही.

"माझ्याम्होरं सोड बघू," तो म्हणाला.

शेरमातनं लोकरीच्या जाड नमद्याच्या गुंडाळीवर दोन बाण सोडले. दोन्ही वीतभर उजवीकडं गेले. दादा मात्र मान वाकडी करून धनुष्याच्या दोरीचा आवाज ऐकत होता.

"चूक माजीच," तो म्हणाला. "काठ्या कडक झाल्या. परवा न्हे."

शेरमात बडबडत घोड्यावर बसला. बाण गोळा करायला सगळ्यांत धाकटा भाऊ मी होतोच. त्यातला एक पाहून माझं डोकंच तापलं.

"दादा, ह्यो लाल दोऱ्याचा तर गेल्या सालचा! ह्यानं दोन बोकडं पाडली. ह्यो आत्ताच कडक कसा झाला?"

"काठी हाय तीच हाय रं," दादा हळूच म्हणाला. "खांदा ऱ्हायला न्हाई. वसंतात घोड्यावरनं पडला न्हवं का? कानापत्तुर वढायचा, आता गालाशीच सोडतोय. वढ कमी पडली की काठी वाकत न्हाई, धनुष्याला घासून उजवीकडं फेकली जाती."

तंबूतून दादाची बायको, सादात वहिनी, तरातरा बाहेर आली. "मग त्वांडावर सांगायचं की! चारचौघांत तुमी आंधळं ठरायचं, आन् त्यो शिकारी?"

"सांगितलं तर उद्या त्यो डोंगर चढंल का? बोकडाला भिडणारा दुसरा हाय कोण हितं?"

वहिनी आत वळली. गेल्या हिवाळ्यात गवतावर बर्फाची खपली बसली आणि आमची निम्मी मेंढरं उपाशी मेली. उरलेली कापली तर पुढच्या साली दूधही नाही. तीन तंबूंचा हिवाळा शेरमातच्या शिकारीवर होता.

दोन दिवस दादा सुरीनं काठ्या तासत होता. थोडी तासायची, वाकवून बघायची, पुन्हा थोडी. शेरमातच्या धनुष्याच्या जोडीचं, तेवढ्याच ताकदीचं जुनं धनुष्य त्यानं माझ्या हातात दिलं. "गालापत्तुरच वढ. फुडं न्हाई." मी सोडायचो आणि बाण कुठं लागला ते सांगायचो. सतरा वेळा सांगितलं. मग बाण सरळ जाऊ लागले.

चौथ्या दिवशी शेरमात घोड्यावर बोकड आडवा टाकूनच आला. वाटण्या झाल्या. बाण करणाऱ्याच्या वाट्याला बोकडाचा पुढचा पाय असतो, तो दादाला मिळाला.

"शिव्या घातल्याबिगर ह्यो काम करत न्हाई!" शेरमात सगळ्यांना ऐकवत होता. "दादा, राग मानू नगंस. फुडच्या साली बाण मी पल्याडच्या खोऱ्यातल्या जोरोकडनं घेतो. त्याचं डोळं चांगलं हायती."

खांद्याचं खरं कारण माझ्या तोंडाशी आलं होतं. दादानं माझं मनगट गच्च धरलं. मग त्यानं बोकडाच्या रक्तानं माखलेला बाण पुसला आणि शेरमातला दिला.

"ह्यो जोरोला दाव. म्हणावं, येवढीच काठी. केसभरबी जाड नगं."

"बरं बरं," शेरमात हसला. बाण मात्र त्यानं खोगिराच्या पिशवीत नीट ठेवला.

तो गेल्यावर दादा तंबूत गेला. पुढच्या सालच्या बाणांसाठी वाळत घातलेल्या भूर्जाच्या काठ्या त्यानं चाचपडत काढल्या आणि चुलीपाशी आणून ठेवल्या.

"मटान शिजवायला ह्या घाल," तो वहिनीला म्हणाला. "वाळल्यात चांगल्या."